टाकीवर ओरखडा पडला: कंपनीचा रंग वाचवावा की पूर्ण टाकी नव्याने रंगवून घ्यावी?

धुऱ्यावरचा (दारव्हा)
नमस्कार मंडळी. माझी काळी स्प्लेंडर २०१४ ची आहे. त्या वर्षीचा कापूस विकून घेतली होती, आणि घरात आजवर एवढी जपून वापरलेली दुसरी वस्तू नाही. मागच्या आठवड्यात पांदणीत समोरून पऱ्हाट्यांनी भरलेली बंडी आली. पांदण अरुंद, एका अंगाला नाला. मी गाडी कडेला दाबून उभी केली, तरी बंडीबाहेर आलेलं एक खुंट टाकीवरून घासत गेलं.

आता टाकीवर दोन गोष्टी झाल्या आहेत. एक, वीतभर लांब पांढरा ओरखडा. ओला हात फिरवला की तो दिसेनासा होतो, वाळला की परत दिसतो. दुसरी, खुंट जिथे शेवटी अडकून सुटलं तिथे तुरीच्या डाळीएवढा टवका उडाला आहे. कडेला करडा थर दिसतो आणि मधोमध लोखंड. तीनच दिवसांत त्या लोखंडावर तांबूस ठिपका आला.

तालुक्याचा पेंटर म्हणतो, "एवढंसं काय करता, पूर्ण टाकी मारून देतो, नवी होऊन जाईल." पण कंपनीचा रंग एकदा घासून काढला की तो गेलाच, असं मला वाटतं. बाकी सगळी टाकी अजून तोंड दिसेल अशी चकचकीत आहे. एका डाळीएवढ्या जागेसाठी सगळा रंग काढावा का? अनुभव असलेल्यांनी सांगा.

वावरकर (पातूर)
नेलपॉलिश लावून दे ना भाऊ. काळं नेलपॉलिश भेटते. माह्या गाडीले मडगार्डवर चार वर्सापासून लावलं हाये, काहीच नाई झालं.

तिफण
मडगार्डवर चालेल, टाकीवर नाही. मी लाल नेलपॉलिश टाकीच्या झाकणाजवळच्या टवक्यावर लावलं होतं. पंपावर पोराने टाकी काठोकाठ भरली, पेट्रोल ओघळलं, आणि मी दुपट्ट्याने पुसायला गेलो तर लाल रंग दुपट्ट्यावर. टवका परत उघडा, वर भोवती लालसर डाग. नेलपॉलिश वाळतं ते फक्त पातळ करणारं द्रव्य उडून गेल्यामुळे, त्यामुळे पेट्रोल लागलं की परत विरघळतं.

गॅरेजगल्ली (अमरावती)
धुऱ्यावरचा भाऊ, तुमचं उत्तर तुमच्याच वर्णनात आहे. पाणी लावल्यावर जो ओरखडा नाहीसा होतो तो वरच्या पारदर्शक थरातला. त्या थराला आम्ही क्लिअर म्हणतो. ओरखड्याच्या खरबरीत कडांवर उजेड फाकतो म्हणून तो पांढरा दिसतो. पाणी त्या भेगा भरतं, उजेड सरळ आत जातो आणि खालचा काळा दिसतो. अजून एक परीक्षा करा. ओरखड्यावर आडवं नख फिरवा. नख घसरून गेलं तर हाताने पॉलिश करून काम होईल. नख अडकलं तर ओरखडा खोल आहे.

टवक्याची गोष्ट वेगळी. करडा थर म्हणजे प्रायमर, आणि मधोमध लोखंड उघडं पडलं आहे. त्याला पॉलिशचा काही उपयोग नाही. तिथे गंज काढून खालून वर एकेक थर परत भरावा लागेल. पूर्ण टाकी रंगवायची तर अजिबात गरज नाही.

रंगारी (हिंगणघाट)
मी पेंटर आहे, बावीस वर्षं हेच काम करतो. गॅरेजगल्लीशी या गाडीपुरता सहमत आहे, पण "कंपनीचा रंग गेला की गेलाच" हे जसं बोललं जातं त्यावर थोडं सांगू द्या.

कंपनीत टाकी कोरी असते. तिच्यात पेट्रोलचा थेंब गेलेला नसतो, रबर नसतं, झाकण नसतं. ती धुऊन, गंजरोधक थर देऊन, मग प्रायमर, रंग आणि क्लिअर देऊन भट्टीत भाजतात. गंजरोधक थराला तर दीडशे अंशांच्या वरची आच लागते. आमच्याकडे आलेली टाकी वापरातली असते, तिला तेवढी आच देताच येत नाही. म्हणून भट्टीचं काम आम्ही हार्डनरकडून, म्हणजे रंगात मिसळून तो घट्ट करणाऱ्या द्रव्याकडून, करून घेतो. दोन डब्यांचा रंग, म्हणजे टू-के. तो नीट मारला तर पेट्रोल पडूनही हलत नाही आणि वर्षानुवर्षं टिकतो.

बदनामी होते ती एनसी, म्हणजे हार्डनर नसलेल्या नायट्रोसेल्युलोजच्या रंगामुळे. तो स्वस्त, तासाभरात वाळतो, गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत रंग फिका पडतो. म्हणून पेंटरला पैसे विचारण्याआधी हे विचारा: एनसी मारणार की टू-के? आणि जुना रंग लोखंडापर्यंत खरडणार की नुसता खरखरीत करून वर मारणार? जुना रंग पक्का धरलेला असेल तर तो पाया म्हणून ठेवणंच चांगलं.

टाकी पूर्ण कधी रंगवावी? टवक्याभोवतीचा रंग फुगला असेल तेव्हा. अंगठ्याने दाबून पाहा. कुरकुर आवाज आला किंवा पापडासारखा रंग दबला, तर गंज आतून पसरला आहे. मग वरून ठिगळ लावून काही होत नाही.

धुऱ्यावरचा (दारव्हा)
आत्ताच बाहेर जाऊन दोन्ही करून आलो. नख ओरखड्यावरून घसरतं, फक्त टवक्याच्या अलीकडे बोटभर जागेत किंचित अडकतं. टवक्याभोवती दाबून पाहिलं, रंग पक्का आहे, आवाज नाही. रंगारीदादा, तुम्ही पेंटर असून नका रंगवू म्हणालात, त्याबद्दल मनापासून आभार. आता टवका भरायचा कसा, ते जरा सविस्तर सांगा. घाई नाही, गाडी घरीच आहे.

गॅरेजगल्ली (अमरावती)
सांगतो. आधी रंग मिळवा. नुसता "काळा द्या" म्हणू नका, कारण काळ्यातही निळसर झाक, तपकिरी झाक असते. सीटखाली किंवा फ्रेमवर रंगाच्या कोडचं स्टिकर असेल तर तो कोड घ्या. नसेल तर साइड पॅनल काढून दुकानात न्या, आणि जुळवणी दिवसाच्या उजेडात दाराबाहेर करा, ट्यूबलाइटखाली नको. तुमचा नुसता काळा असेल तर नशीब चांगलं. चमकीच्या रंगात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. कारखान्याच्या फवाऱ्यात ते जसे आडवे बसतात तसे काडीने लावताना बसत नाहीत, त्यामुळे कोड बरोबर असूनही ठिपका वेगळा चमकतो.

मग गंज. हे काम नीट झालं तरच पुढचं सगळं टिकेल. ४०० नंबरच्या पाणीपेपरचा (ओला करूनही घासता येतो तो पॉलिशपेपर) वाटाण्याएवढा तुकडा पेन्सिलच्या मागच्या टोकाला चिकटवा आणि फक्त टवक्याच्या आत गोल फिरवा. लोखंड पांढरं चमकलं पाहिजे. खळग्यांत काळे ठिपके राहिले तर फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंज थांबवणारं द्रव्य, काडीने लावा, डब्यावर लिहिलं आहे तेवढा वेळ ठेवा, पुसून कोरडं करा. मग ८०० नंबरने टवक्याची कड उतरती करा. कड उभी राहिली तर नवा रंग तिथे धरत नाही आणि पुढे तिथूनच सुटतो. शेवटी केमिस्टकडचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन पुसा. त्यानंतर बोट लावू नका, बोटाचं तेलही रंगाला नडतं.

आता प्रायमर, तोही टूथपिकने. ब्रश वापरू नका, ब्रश टवक्याबाहेर सांडतो. थेंब मधोमध ठेवायचा, तो आपोआप कडेपर्यंत पसरतो. वाळला की रंगाचा थेंब. इथे बहुतेकांची गडबड होते. एकाच थेंबात खड्डा भरायला जातात. रंगातलं पातळ द्रव्य उडालं की थेंब आक्रसतो आणि मधे बशीसारखा खोलगट होतो. म्हणून पातळ थेंब, मध्ये पुरेसा वेळ, मग दुसरा. चार-पाच वेळा तरी. सगळ्यात वर क्लिअर, आणि तो टू-केच घ्या, नाहीतर तिफणभाऊंच्या दुपट्ट्यासारखं होईल. डब्यावर प्रमाण दोनास एक असेल तर इंजेक्शनच्या सिरिंजने २ मिली क्लिअर, १ मिली हार्डनर मोजा. हातमोजे घाला, उघड्यावर काम करा. हार्डनरची वाफ छातीला वाईट असते.

सकाळी ऊन तापायच्या आत करा. तापल्या टाकीवर थेंबाची वरची साय लगेच धरते आणि आतलं ओलं राहतं. आणि वाळवायला केसांचा ड्रायर लावू नका. टाकीत पेट्रोलची वाफ असते.

क्लिअर झाल्यावर निदान आठवडाभर हात लावू नका. मग उंचवटा २००० च्या पाणीपेपरने साबणाच्या पाण्यात हळूहळू बसवा आणि कंपाउंडने, म्हणजे घासून चमक आणायच्या पेस्टने, चमक आणा. त्याच बैठकीत तो वीतभर ओरखडाही हातानेच काढा, मशीन नको. टाकीच्या धारेवर तर जपूनच, तिथे रंग मुळातच पातळ बसलेला असतो. आणि एक लक्षात असू द्या, कंपाउंड म्हणजे थोडाथोडा क्लिअर घासून काढणंच आहे. दर महिन्याला कंपाउंड मारणारे स्वतःच्या हाताने रंग संपवतात.

पांदणवाट
एवढं करण्यापेक्षा आधीच रेक्झिनचं टाकी कव्हर घातलं असतं तर ओरखडाच पडला नसता. माझ्या गाडीला पहिल्या दिवसापासून आहे.

तिफण
काढून पाहिलंत कधी?

पांदणवाट
सहा वर्षांत एकदाच. का?

तिफण
एकदा काढून बघाच. माझ्या काकांनी गाडी विकताना काढलं तर आत बारीक काळी माती बसून टाकीवर पॉलिशपेपर फिरवल्यासारखं झालं होतं. जिथे कव्हरची शिवण येते तिथे पावसाचं पाणी मुरून गंजाची रेघ. कव्हर बाहेरचा एक ओरखडा वाचवतं, पण आत धूळ शिरली की गाडी धडधडते तसं ते रोज घासतं.

रंगारी (हिंगणघाट)
तिफण बरोबर बोलले. माझ्याकडे पूर्ण रंगायला येणाऱ्या टाक्यांत कव्हरवाल्याच जास्त असतात. तेवढंच वाटत असेल तर गुडघे लागतात त्या जागी आणि झाकणासमोर चांगल्या प्रतीची पारदर्शक फिल्म चिकटवा. ती रंगाला चिकटून बसते, मधे धूळ जात नाही.

पांदणवाट
काढलं. तुम्ही म्हणता तसंच आहे, झाकणाभोवती सगळं भुरकट झालंय. आज संध्याकाळी धुतो. कव्हर परत घालणार नाही.

दर्यापूरकर
धुण्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. आम्ही खारपाणपट्ट्यातले. पूर्णेच्या काठचं बोअरचं पाणी जिभेला लागतं एवढं खारं. त्या पाण्याने गाडी धुऊन उन्हात सोडली की थेंब जिथे वाळला तिथे पांढरं वर्तुळ राहतं. दोन-चार वेळा झालं की ते वर्तुळ कपड्याने निघत नाही. काळ्या टाकीवर तर मीठ शिंपडल्यासारखं दिसतं. आता मी सावलीत धुतो आणि पाणी अंगावर वाळू देत नाही, लगेच टिपून घेतो. शेवटचा तांब्या पिण्याच्या नळाच्या पाण्याचा. जुने डाग व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून मिनिटभर ठेवले आणि लगेच धुतले, बरेचसे गेले.

मोतीबाग (वरूड)
आमच्याकडे पाण्यापेक्षा बोर्डो मिश्रण वाईट. संत्र्याला बोर्डो मारताना १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. आपण मिश्रणात लोखंडी विळा बुडवून बघतो ना, त्यावर तांबं चढलं तर चुना कमी पडला म्हणून अजून घालतो. चुना कमी पडलेला असला तर तेच तांबं गाडीच्या उघड्या लोखंडावर चढतं आणि त्या जागी गंज झपाट्याने धरतो. चुन्याचा पांढरा डाग वेगळाच. टवका असलेली गाडी बागेत फवारणीच्या वेळी नेऊच नका. न्यावीच लागली तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभी करा आणि घरी आल्यावर आधी भरपूर पाणी ओता, मगच हात लावा. धुऱ्यावरचा भाऊ, टवका भरेपर्यंत फवारणीचा पंपही गाडीवर बांधू नका. कापसाच्या बऱ्याच औषधांत रंग मऊ करणारं द्रावण असतं.

कोळसाखाण (वणी)
आमच्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक. सकाळी टाकीवर बोटाने नाव लिहिता येतं. सगळे काय करतात, किक मारण्याआधी दुपट्टा काढून टाकी पुसतात. मीही करत होतो. उन्हात टाकी तिरकी पाहिली तर सगळीकडे कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा. कोरडी धूळ पुसणं म्हणजे रंगावर वाळू घासणं. आता धूळ असली तर तशीच घेऊन जातो, आणि पुसायचीच तर आधी पाणी ओततो.

वावरकर (पातूर)
हे मात्र पटलं. आमी तर डिझेलचा बोळा फिरवतो, लय चमकते.

गॅरेजगल्ली (अमरावती)
चमकते ती डिझेलच्या तेलकटपणाने, रंग चमकत नाही. तासाभरात त्याच तेलावर सगळी धूळ चिकटते आणि पुढच्या पुसण्यात ती घासते. शिवाय पाठचा ब्रेक ड्रमचा असो की डिस्कचा, तिथे तेल जाणं धोक्याचं. डांबराचे ठिपके काढायला थोडं रॉकेल कापडाला लावून फक्त ठिपका पुसायला हरकत नाही, पण लगेच शॅम्पूने धुवा. आणि काळ्या मातीचे गोळे मडगार्डखाली वाळून दगड झाले असतील तर खुरप्याने उकरू नका. ओलं पोतं टाकून अर्धा तास भिजू द्या, आपोआप सुटतात.

झाडीपट्टीची ताई (साकोली)
माझ्या पांढऱ्या स्कूटीचं सांगते. दसऱ्याला सासूबाईंनी पूजा केली, हळद ओली होती, समोरच्या पॅनलवर ओघळली. मी कपड्याच्या साबणाने घासायला घेतलं तर पिवळ्याचं तांबडं झालं, जीवच घाबरला. नंतर कळलं, साबणाचा खार लागला की हळद लाल होते. स्वच्छ पाण्याने धुतली आणि दोन दिवस उन्हात उभी केली. उन्हाने हळदीचा रंग आपोआप उडाला. आता पूजा आम्ही कोरड्या हळदीकुंकवाने करतो आणि हार हँडलला बांधतो, टाकीवर टेकू देत नाही.

मोतीबाग (वरूड)
ताई, हे आईला दाखवतो. दरवर्षी आमच्या टाकीवर स्वस्तिक निघतं आणि दिवाळीपर्यंत राहतं.

कोळसाखाण (वणी)
कडुनिंबाखाली गाडी लावणाऱ्यांसाठी: सावली चांगली, पण पाखरांची विष्ठा मे महिन्यात दुपारपर्यंत राहू देऊ नका. ४५-४६ अंशांत टाकीला हात लावता येत नाही, क्लिअर थोडा मऊ पडतो, आणि विष्ठेतलं आम्ल त्यात खोल जातं. संध्याकाळी पुसलं तरी ठसा राहतो. ओल्या कापडाचा बोळा पाच मिनिटं ठेवून उचलून घ्या, घासू नका.

धुऱ्यावरचा (दारव्हा)
मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितो आहे.

सीटखाली कोड सापडला, यवतमाळहून रंग आणला. रोज सकाळी सहाला पडवीत बसायचो. गंज काढायला दोन दिवस गेले, कारण पहिल्या दिवशी स्वच्छ वाटलं होतं ते मुलीच्या शाळेच्या भिंगातून पाहिलं तर खळग्यात तीन काळे ठिपके होते. कन्व्हर्टर लावल्यावर ते थांबले. रंगाचा थेंब लावताना काठोकाठ वाटायचा आणि दुसऱ्या सकाळी बघावं तर मधे बसलेला. पाच वेळा नाही, सात वेळा भरला. सिरिंजने क्लिअर मोजताना हात थरथरत होता, पण थेंब जागेवर बसला आणि गोल, आरशासारखा राहिला. दहा दिवस हात लावला नाही. मग २००० चा पेपर, कंपाउंड, आणि ओरखड्यावर जुन्या मऊ बनियनने हळूहळू.

ओरखडा पूर्ण गेला. नख अडकत होतं ती बोटभर जागा तिरक्या उन्हात अजून दिसते, ती तशीच राहू दिली, अजून क्लिअर घासायची इच्छा झाली नाही. टवक्यावरून बोट फिरवलं तर कळत नाही. डोळ्यांनी पाहायचं तर मला जागा माहीत आहे म्हणून दिसते. परवा पंपावर पेट्रोल नेमकं तिथेच सांडलं. पाण्याने धुतलं, काही झालं नाही. घरी आल्यावर परत एकदा पाहिलं.

काळा रंग, क्लिअर आणि हार्डनर, तिन्ही उरले आहेत. हार्डनरचा डबा उघडला की फार दिवस टिकत नाही म्हणे. कोणाला लागत असेल तर दारव्ह्याला या, गाडी घेऊनच या.

रंगारी (हिंगणघाट)
फोटो पाहिला. कड छान मिळवली आहे. महिनाभर मेण लावू नका, रंगाला श्वास घेऊ द्या. नंतर तीन महिन्यांतून एकदा पुरे.

वावरकर (पातूर)
भाऊ, मी येतो रविवारी. माह्या टाकीवरबी एक जागा हाये, नेलपॉलिश लावलेली. मडगार्डचं सांगतलं होतं, टाकीचं सांगतलं नाई. ते आधी काढाचं कसं? रिमूव्हर लावू का?

गॅरेजगल्ली (अमरावती)
रिमूव्हर नको, त्यातलं ॲसिटोन आजूबाजूचा चांगला रंगही मऊ करेल. कोमट पाण्याचा बोळा ठेवा, मग जुन्या एटीएम कार्डाच्या कोपऱ्याने हळूच उचला. उरलेलं आयसोप्रोपिलने. आणि खाली गंज निघाला तर आहे तसा दारव्ह्याला घेऊन जा, घाईने काही लावू नका.

वावरकर (पातूर)
लावत नाई. रविवारी सकाळी सहाले पोचतो.